मथळ्याच्या पलीकडे

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातील एखाद्या मराठी घराची कल्पना करा. सकाळच्या चहाबरोबर वडील मोठ्याने बातमी वाचतात : खेळाच्या नादापायी मुलाने बापाचा जीव घेतला! आई चटकन कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहते. त्या एका दृष्टिक्षेपात आरोप आणि निकाल दोन्ही सामावलेले असतात. वाचकहो, आज विचार करावयाचा आहे तो या दृष्टिक्षेपाचा.

सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती गावी एका तरुणाने वडिलांची हत्या केल्याचे वृत्त देशभर पसरले आणि मथळ्यांत ‘पबजी’ या खेळाला अग्रस्थान मिळाले. घटना भीषण होती, यात शंका नाही. परंतु त्या दिवसांत कोट्यवधी मुले तोच खेळ खेळत होती आणि त्यांच्या घरी असे काहीही घडले नाही. मग कारण केवळ खेळ कसे असेल? घरातील कलह, शिक्षणातील अपयश, मनाचे आजार यांचा शोध घेण्यास वेळ लागतो. मथळ्याला मात्र एकच शब्द पुरतो.

२०१७ साली ‘ब्लू व्हेल’ या कथित खेळाच्या बातम्यांनी असेच भय पसरविले होते. सरकारने समिती नेमून चौकशी केली. जानेवारी २०१८ मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी संसदेत सांगितले की, तपासलेल्या मृत्यूंपैकी एकाचाही त्या खेळाशी संबंध सिद्ध झाला नाही. भयाची वार्ता घरोघरी पोचली. हा खुलासा किती घरी पोचला?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या प्रमुख संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी अल्पसा संबंध तिला आढळला. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही, असे तिने स्पष्ट केले.

याचा अर्थ खेळ सर्वथा निर्दोष आहेत असा नव्हे. खेळावरील ताबा सुटणे ही व्याधी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे, आणि बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. झोप, अभ्यास, भूक व मित्र मुलापासून दुरावू लागले, तर सल्ला अवश्य घ्यावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवाही उपलब्ध आहे.

म्हणून बातमी वाचताना विचारावे : हे कोणी सांगितले? तपास पुरा झाला आहे काय? आणि मग वृत्तपत्र बाजूस ठेवून मुलाजवळ बसावे, तो काय खेळतो हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. खेळावर संशय घेण्याच्या भरात मुलाचे खरे दुःख नजरेआड झाले, तर ती हानी कोणताही खुलासा भरून काढू शकणार नाही.