बाकी असेल तर कागद दाखवा

सहा वर्षांपूर्वी ज्या दवाखान्यात दाढेचं रूट कॅनल केलं होतं, तिथून मागच्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ४,८०० रुपये बाकी आहेत, आठ दिवसांत भरा. कशाचे, कोणत्या तारखेचे, काही नाही. मी तपशीलवार बिल मागितलं. उत्तर आलं, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये दिसतंय."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पेपर न दाखवता एखाद्या मुलाला नापास केलं आणि पालकांना 'रजिस्टरमध्ये दिसतंय' म्हटलं, तर ते थेट मुख्याध्यापकांकडे जातील. जायलाच हवं.

दाताच्या दवाखान्यातला व्यवहार कसा चालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका दाढेसाठी तीन-चार खेपा. आधी नस काढायची, मग भरायचं, मग कॅपचं माप, मग कॅप. दर खेपेला रोख पैसे. डॉक्टर एका कार्डावर पेनानं आकडा लिहितात आणि ते कार्ड त्यांच्याच कपाटात जातं. पावती मागा, तर "शेवटी एकदम देतो." म्हणजे मी पैसे दिल्याचा पुरावा माझ्याकडून पैसे मागणाऱ्याच्याच ताब्यात! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, हे किती दवाखान्यांना माहीत असेल?

पण मला खरा राग आला तो घरच्या सल्ल्याचा. दीर म्हणाले, "भाबी, देके छुट्टी करो. कर्ज का मामला है, आखिरत में पूछ होगी." आपल्या लोकांची ही भीती खरी आहे आणि चांगलीही आहे. कर्ज ठेवून मरू नये, हे मीही मानते. पण कर्ज आहे हे ठरवलं कुणी? कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२वी, कर्जाबद्दलच आहे. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं ती सांगते. फिकहमध्येही पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. तेव्हा कागद मागणाऱ्या बाईला बेइमान आणि तोंडी आकडा सांगणाऱ्याला हकदार ठरवणारी ही कुठली दीनदारी?

मुदतीच्या कायद्यानुसार अशा कामाच्या पैशांसाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मी मात्र त्याआड लपत नाही. मुदत गेल्यानं कोर्टाची वाट बंद होते, खरं देणं फिटत नाही. ४,८०० खरोखर राहिले असतील, तर उद्या देईन. तारखा, काम, मिळालेली रक्कम आणि बाकी एका कागदावर द्या, एवढंच मी त्यांना लेखी कळवलं आहे.

तुम्हालाही असा मेसेज आला, तर घाबरून 'देतो' असं सही करून लिहून देऊ नका. करार कायदा १८७२ च्या कलम २५ प्रमाणे मुदत गेलेलं कर्ज फेडण्याचं सहीनिशी लेखी वचन बंधनकारक ठरतं. मग कोर्टाची बंद झालेली वाट तुमच्याच सहीनं पुन्हा उघडते.