नाकाची साक्ष

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण त्याची पहिली वर्दी लागते ती नाकाला. चकलीच्या भाजणीचा खमंग वास आळीत दरवळला की कॅलेंडर पाहावे लागत नाही. उटणे, सुगंधी तेल, नवे कापड, विझलेली पणती आणि फुलबाजीचा धूर, प्रत्येकाचा वास निराळा आणि प्रत्येक हवाहवासा. अशा दिवसांत मी या पानावर डिझेलच्या धुराविषयी लिहिणार आहे, म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. ज्यांच्या घरचे कोणी मालाची गाडी चालवते त्यांनी तर हे पान जरूर वाचावे, आणि शक्य तर त्या माणसाला वाचून दाखवावे.

आमचा पुतण्या साताऱ्यात राहतो व पिकअप चालवतो. सातारा ते सांगली हा त्याचा नेहमीचा रस्ता. उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा असे सुमारे सव्वाशे किलोमीटर. जाताना मिळेल ते भाडे, येताना हळदीची पोती किंवा बेदाण्याच्या पेट्या. अंगाने धडधाकट, सुपारीचेही व्यसन नाही. पण गेल्या हिवाळ्यात त्याचे डोके दुखू लागले. पेठ नाका आला की कपाळ ठणके, मळमळे, आणि घरी येऊन रात्रभर झोपले की सकाळी पुन्हा ठणठणीत. पित्त म्हणून आवळासुपारी झाली, चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून झाले. गुण काही येईना.

खरी गोष्ट पकडली ती सूनबाईने. एकदा माहेरी जाण्यासाठी ती लेकराला घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि दार लावताच म्हणाली, "अहो, गाडीत धुराचा वास किती येतोय!" पुतण्या म्हणाला, "कुठं येतोय? डिझेलची गाडी हाय, एवढा वास यायचाच की." तिने उंब्रजलाच काच खाली घेतली आणि लेकराला मांडीवरून उचलून खिडकीशी धरले.

यात खोटे कोणीच बोलत नव्हते. नाक हा मोठा सोशिक अवयव आहे. अत्तराच्या दुकानात पाऊल टाकताना जो घमघमाट येतो, तो घटकाभराने जाणवेनासा होतो. वास तिथेच असतो, नाक मात्र त्याची दखल घेणे सोडून देते. रोज आठ तास केबिनमध्ये बसणाऱ्याला म्हणूनच आपल्या गाडीचा वास येत नाही. त्याची साक्ष नव्याने आत बसणाऱ्याच्या नाकाला विचारावी लागते.

पुतण्याने एका ठिकाणी गाडी दाखवली. तिथे सायलेन्सर बदलला, बिल घेतले आणि वर डॅशबोर्डवर एक सुगंधी डबी ठेवून दिली. आता केबिनमध्ये मोगरा आणि धूर असे दोन्ही वास येऊ लागले. तेव्हा मी त्याला सांगलीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. कृष्णाकाठच्या लोकांना इंजिन काही नवे नाही. किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात १९१० साली वसली, आणि पुढे विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा ठेका ऐकतच इथली एक पिढी मोठी झाली. आमचे मिस्त्री त्याच पिढीतले.

त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी वैद्याने नाडी पाहावी तसे प्रश्न विचारले. वास गाडी उभी असताना जास्त येतो, की पळताना? काचा उघड्या असताना, की बंद? ब्लोअर चालू असताना, की बंद? बाहेरची हवा घेण्याचा खटका आतल्या हवेवर फिरवला तर फरक पडतो का? पुतण्याला एकाचेही उत्तर देता येईना, कारण त्याच्या नाकाने केव्हाच संप पुकारला होता. उत्तरे सूनबाईने दिली. नाक्यावर गाडी उभी राहून इंजिन चालू असले की वास वाढतो, आणि खटका फिरवला की बराच कमी होतो.

"मग चोर पुढच्या दारानं येतोय," मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा. गाडी पळत असता तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि शेपटाकडचा धूर त्या पोकळीत खेचला जातो. मागची काच किंवा तिचे रबर सैल असेल तर तो केबिनमध्ये येतो. हा मागच्या दाराचा चोर. पण वास गाडी उभी असताना येत असेल, आणि बाहेरची हवा बंद करताच कमी होत असेल, तर धूर बॉनेटखालीच कुठेतरी सुटतो आहे. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून. ती जाळी बॉनेटच्या अगदी लगत असते. सायलेन्सर बदलून गुण का आला नाही, हे मला तिथे उमगले.

मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. पहाटे, इंजिन गार आणि उजेड बेताचा असताना, बॉनेट उघडून त्यांनी ते चालू करायला लावले. ही वेळ महत्त्वाची. धातू तापला की फुगतो आणि बारीक फट आपोआप बुजते. दुपारी तापलेल्या गाडीत जी गळती सापडत नाही, ती पहाटे बोलते. आम्हीही कान दिला. इंजिनाच्या ठेक्यात मधूनच एक बारीक 'फुस् फुस्' मिसळत होती. बॅटरीच्या झोतात दिसले की धुराची नळी इंजिनाला जिथे जोडते त्या मॅनिफोल्डच्या एका कोपऱ्यावर काजळीचा पंखा उमटला होता. तेलाचा डाग ओला आणि चकचकीत असतो, हा कोरडा आणि मखमली होता. इंजिन बंद करून मिस्त्रींनी त्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले व पुन्हा चालू करायला सांगितले. बुडबुडे उठले. तिथला एक बोल्ट तुटला होता आणि गॅसकेट जळून गेले होते.

आमच्या लेखी काम संपले होते. मिस्त्रींच्या लेखी ते अर्धेच झाले होते. "धूर सुटतो ते एक भोक, आत येतो ते दुसरं. दोन्ही बुजवल्याबिगर गाडी द्यायची न्हाई." त्यांनी इंजिन बंद केले, केबिनच्या काचा लावल्या, आतला ब्लोअर पूर्ण वेगात सोडला आणि बॉनेटखाली पेटती उदबत्ती धरून पत्र्याच्या कडेकडेने फिरवली. एका जागी धुराची सरळ रेघ एकदम उलटी लोटली गेली. टेपरेकॉर्डर बसवताना कोणीतरी वायर ओढण्यासाठी पत्र्याला भोक पाडले होते आणि त्यात रबरी बूच घालायचे विसरले होते. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टीही निम्मी गायब होती. पट्टी, बूच, गॅसकेट आणि बोल्ट या चारही वस्तू मिळून नव्या सायलेन्सरच्या किमतीच्या जवळपासही गेल्या नाहीत.

नव्या गाड्यांच्या मालकांनी यावर हसू नये. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. डिझेलमधला गंधक कमी झाला आणि धूर गाळणारी यंत्रणा गाड्यांना बसली. शेपटाशी नाक नेले तरी आता पूर्वीइतकी दुर्गंधी येत नाही. पण मॅनिफोल्डपाशी सुटणारा धूर हा त्या गाळणीच्या आधी सुटतो. तो कच्चा असतो. तेव्हा गाडी कितीही नवी असो, केबिनमध्ये वास आला तर तो सोडून देण्यासारखा नाही.

त्या धुरात असते काय? डोळ्यांना व घशाला झोंबणारे वायू, काजळीचे अतिसूक्ष्म कण, आणि कार्बन मोनॉक्साइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. डिझेल इंजिनात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी निघतो हे खरे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि बंद केबिन ती केवढी! हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी, मग बेशुद्धी, असा त्याचा क्रम. आणि त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे अनेकांनी पाहिली असतील. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही तास मोकळे ठेवीत, कंदील सोडून पाहत. तो विझला तर माणूस वरच थांबे. आत प्राणवायू उरलेला नाही हे कंदील सांगतो. पण कार्बन मोनॉक्साइडपुढे हाच कंदील आंधळा आहे. माणूस मरेल एवढा वायू असला तरी ज्योत आपली खुशाल तेवत राहते. म्हणून तर विलायतेतल्या कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यातून छोटे पक्षी नेण्याची सूचना जॉन स्कॉट हाल्डेन यांनी केली. १९५७ साली भारतात येऊन इथलेच झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव. पक्षी माणसाच्या आधी कोलमडे आणि खाणकामगार वर पळत.

डिझेलचा झोंबरा वास हा आपल्या केबिनमधला तो पक्षी आहे. तो बिनवासाच्या सोबत्याची वर्दी देतो. त्याच्यावर मोगऱ्याची डबी ठेवणे म्हणजे पक्ष्याची मान मुरगळण्यासारखे आहे.

या दिवसांत झेंडूच्या गाड्या रात्र-रात्र बाजाराबाहेर रांगेत उभ्या असतात. थंडी वाजते म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून चालक आतच डोळा लावतात. त्यांच्या घरच्यांनी एवढे सांगावे, की झोपायचे तर इंजिन बंद आणि काच चार बोटे उघडी. वास आला किंवा डोके जड झाले तर गाडी कडेला घेऊन आधी मोकळ्या हवेत उतरावे; दुरुस्तीचे मागाहून.

पुतण्याची डोकेदुखी त्या आठवड्यात गेली ती परत आलेली नाही. तरी सूनबाईने एक नेम ठेवला आहे. महिन्यातून एकदा ती काचा बंद केलेल्या गाडीत बसते, पोवई नाक्यापर्यंत जाऊन येते, आणि मगच गाडी सांगलीच्या रस्त्याला लागते.