लोक कमी नाहीत, वाटा कमी आहे



चंद्रपूर-गडचिरोलीत माणसंच कमी, म्हणून शाळा परवडत नाही, दवाखाना परवडत नाही, एसटी परवडत नाही, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. आता तर दक्षिणेतले मुख्यमंत्रीच लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगू लागले. ते ऐकून आपल्यातलेही काही तरुण म्हणतात, आपली संख्या घटते आहे, संख्या वाढवा. आम्हाला हा रस्ता चुकीचा वाटतो. तो का, ते आकड्यांनिशी मांडतो.

२०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या होती २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. त्याआधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला, गडचिरोली १०.५८ टक्क्यांनी आणि चंद्रपूर फक्त ६.४३ टक्क्यांनी. ज्या जिल्ह्यात कोळसा, सिमेंट, कागद आणि २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे खरं तर कामासाठी बाहेरची माणसं येऊन लोकसंख्या भराभर वाढायला हवी होती. तसं झालं नाही. वीज मुंबई-पुण्याला गेली, राख आणि धूर आपल्या वाट्याला आला, आणि शिकलेला पोरगा नागपूर, पुणे, हैदराबादची गाडी पकडून गेला. आता सुरजागडचं लोहखनिजही ट्रक भरभरून चाललं आहे. संपत्ती जाते त्याच रस्त्याने माणूसही जातो, हा इथला खरा कल आहे.

असं जगात इतरत्रही झालं आहे. युरोपातल्या लाटव्हिया या छोट्या देशाची लोकसंख्या १९८९ मध्ये सुमारे २६.७ लाख होती. २००४ मध्ये तो युरोपीय संघात गेला, सीमा खुल्या झाल्या आणि तरुण मजुरीसाठी ब्रिटन-आयर्लंडला निघून गेले. जन्म कमी, जाणारे जास्त. आज तिथे १९ लाखही लोक नाहीत. गावं ओस पडली, शाळा बंद झाल्या. पण एक फरक लक्षात घ्या. त्या १९ लाखांसाठी १०० सदस्यांची स्वतःची संसद आहे; आपलं कसं होणार यावर ते स्वतः कायदा करू शकतात. आपल्या ३२ लाखांहून जास्त लोकांचे आमदार किती? चंद्रपूरचे सहा, गडचिरोलीचे तीन. २००८ च्या फेररचनेत विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या, हेही विसरू नका. तरुण बाहेर जातो, डोकी कमी भरतात, आवाज कमी होतो, निधी कमी येतो, आणि मग पुन्हा तरुण बाहेर जातो. हे चक्र तोडायचं कुठे?

बाबासाहेबांनी याचं उत्तर फार आधी दिलं आहे. १९१८ च्या लहान शेतीधारणेवरील निबंधात त्यांनी दाखवलं की रोग जमिनीच्या लहान तुकड्यात नाही, जमिनीवर रिकाम्या बसलेल्या हातांत आहे. त्या हातांना उद्योग द्या. आणि १९३८ मध्ये त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, कारण वारंवारच्या बाळंतपणांचा भार बाई आणि गरिबी दोघांवर पडतो. तेव्हा संख्या वाढवण्यासाठी आपल्या बहिणींना जुंपणं हा आंबेडकरवाद नव्हे. देशातल्या बौद्धांची वाढ २००१ ते २०११ मध्ये ६.१ टक्के होती आणि साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर, देशाच्या सरासरीहून जास्त. घटत्या जन्मदरात आपल्या मुलींचं शिक्षण आहे. त्याची लाज कशाला?

मग करायचं काय? दोन कामं.

पहिलं, माणूस गावात टिकेल असं उत्पन्न हातात घ्या. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याच वाटेने गेलं आणि बांबूच्या उत्पन्नातून गावातच रोजगार उभा राहिला. आपले लोक म्हणतात, हा आदिवासींचा कायदा, आपल्याला काय? वैयक्तिक दाव्यात आपल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात, ही अडचण खरी आहे. पण सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळतो, आणि गावातला प्रत्येक प्रौढ ग्रामसभेचा सभासद असतो, बौद्ध मोहल्ल्यातलाही. तेंदूच्या लिलावाच्या दिवशी आपण ग्रामसभेत बसतो का? गोंड, माडिया बांधवांच्या खांद्याला खांदा लावून बसलो तर तो आपलाही हक्क आहे.

दुसरं, मोजले जा. जनगणनेत माणसं मोजली जाणार ती फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि यावेळी जातही नोंदली जाणार. फेब्रुवारी म्हणजे कोणता हंगाम? धान निघालेलं असतं, आणि आपली शेकडो कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मोजणीच्या सगळ्या काळात घराबाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो, नाहीतर सुटतो. म्हणजे जो सर्वांत गरीब, तोच आपल्या गावाच्या आकड्यातून गळणार. पुढची शाळा, पुढचा निधी, पुढचा मतदारसंघ याच आकड्यावर ठरणार आहे.

म्हणून प्रत्येक विहारात आतापासून वही ठेवा. कोणतं कुटुंब कधी जातं, कुठे जातं, ते लिहा. कुणाला मोजणीच्या दिवसांत दोन दिवस परत येता येईल ते विचारा. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीच्या यादीतली आपली जात, हे घरोघरी समजावून सांगा. १९९० पासून कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. जातीच्या जागीही बौद्ध लिहिलं तर अनुसूचित जातीचा आकडा घटतो आणि राखीव जागांचा हिशेब बिघडतो.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले आणि इथल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्यांची नातवंडं आज मिरचीच्या शेतात मोजणीबाहेर राहणार असतील, तर दोष सरकारच्या आधी आपल्या कार्यकर्त्यांचा असेल. वही आजच उघडा.

जय भीम!