जमीन घेताना एक हिशेब, शिष्यवृत्ती देताना दुसरा



पेरणी आणि कॉलेजची ॲडमिशन या दोन गोष्टी आपल्या घरात एकाच वेळी येतात. मागल्या वर्षीचा कापूस केव्हाच विकून झालेला असतो, त्याचे पैसे उधारी फेडण्यात गेलेले असतात, आणि नवे बोंड फुटायला दिवाळी उजाडावी लागते. नेमके त्याच दिवसांत खिडकीतला कारकून विचारतो, "फी भरता की सीट सोडता?" मग बाप खतासाठी उचललेले पीककर्ज तिकडे भरतो. पऱ्हाटी पिवळी पडते आणि पोरगा कॉलेजात जातो. पुढे कृषी खात्याचा माणूस येऊन सांगतो की खताची मात्रा कमी पडली!

ज्यांनी शिष्यवृत्तीच्या योजना आखल्या त्यांना हे दिसले नाही, कारण त्यांच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. पगारदाराला आधी फी भरून मागाहून परत मिळणारी रक्कम चालते. कोरडवाहूवाल्याला ती चालत नाही. त्याच्याकडे 'आधी' भरायला काही नसते, म्हणून तर तो शिष्यवृत्ती मागतो.

आमच्यातलेच काही जुने कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "घामाचे दाम मागणारी माणसे आपण. शिष्यवृत्तीच्या रांगेत आपली पोरे उभी करायची, ही भीकच ना?" प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आमचे उत्तर असे की भीक त्याला म्हणतात जी देणाऱ्याच्या खिशातून येते. हा पैसा कोणाच्या खिशातला आहे? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून निघतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितले. साहेब गेला, हिशेब तोच राहिला. २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवली. म्हणजे आमची वेचणी सुरू व्हायची आणि बंदरात परदेशी गाठी बिनशुल्क उतरायच्या. गिरणीला कापूस स्वस्त मिळाला, तो कोणाच्या पोराच्या फीतून? उणे सबसिडी म्हणतात ती हीच. तेव्हा शिष्यवृत्ती ही आमच्याकडून आधीच कापून नेलेल्या रकमेची फेड आहे, आणि तीही अर्धवट. घामाचे पुरते दाम द्या, आम्ही एकही अर्ज भरणार नाही. तोवर जे आहे ते पै न् पै वसूल करायचे.

आता जे आहे ते काय आहे, ते पाहू.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी सरकार भरते. मुलींसाठी २०२४-२५ पासून ती पूर्ण केली आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही माफ. ही गोष्ट गावोगाव सांगायला हवी, कारण अजूनही "पोरीला बीएस्सीच बरी, इंजिनिअरिंग झेपायचे नाही" म्हणणारे बाप आम्हाला भेटतात. मुलाच्या बाबतीत उरलेली निम्मी फी, विकास शुल्क, खोली आणि खानावळ बापाच्याच अंगावर पडते. एका घरातल्या दोन मुलांपर्यंतच लाभ आहे. आणखी एक मेख अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतूनच झाला पाहिजे. "फेऱ्यांची कटकट कशाला, आमच्या कोट्यात घ्या" म्हणणाऱ्या दलालाच्या नादी जो लागला त्याची शिष्यवृत्ती त्याच दिवशी बुडाली.

अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना स्वयम् आहे. नावे अनेक आहेत. दुखणे एकच आहे: पैसा उशिरा येतो, आणि तोवर कॉलेज पोराचा निकाल किंवा टीसी अडवून धरते.

आता मुख्य मुद्दा. शाहू शिष्यवृत्तीच्या जोडीला राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. नाव भाऊसाहेबांचे. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा, परदेशात शिकून आला, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. त्यांच्या नावाची योजना कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरासाठी असेल असे कोणालाही वाटेल. योजना ठरली तेव्हाचे दर असे: बाप अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असेल तर मुंबई-पुणे-नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाला ३० हजार, इतरत्र २० हजार. तो तसा नसेल, पण उत्पन्न मर्यादेत असेल, तर १० हजार आणि ८ हजार. अल्पभूधारक कोण? तहसिलीतून दाखला मिळतो तो दोन हेक्टरच्या आतल्याला. पाच एकर. पाण्याचे पाच असोत की माळाचे पाच असोत, कागदावर एकर म्हणजे एकर.

समजा, एकाकडे आठ एकर कोरडवाहू आहे. पाच एकरांत कपाशी, तीन एकरांत ज्वारी. एकरी चार क्विंटल कापूस आणि सहा क्विंटल ज्वारी आली असे धरू, आणि २०२४-२५ चा हमीभाव पुरता हाती पडला असेही धरू. धरायला काय जाते? लांब धाग्याच्या कापसाचे ७,५२१ रुपयांनी वीस क्विंटलचे १,५०,४२० झाले. संकरित ज्वारीचे ३,३७१ ने अठरा क्विंटलचे ६०,६७८. मिळून दोन लाख अकरा हजार. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, गाडीभाडे वजा करा. निम्म्याहून जास्त तिथेच जाते. दुसरीकडे चार एकर बारमाही पाण्याखालचा ऊस घ्या. दीडशे टन गेला तर तोडणी-वाहतूक कापूनही साडेतीन लाखांवर रक्कम हाती येते. या दोघांत अल्पभूधारक कोण? सरकार म्हणते, ऊसवाला. आमचे ऊसवाल्याशी भांडण नाही, त्यालाही कारखान्याने नाडले आहे आणि त्याच्या पोराला भत्ता मिळतो तो खुशाल मिळो. पण कपाशीवाल्याचे पोर त्याच्या निम्म्यावरही येत नाही, हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

की सरकारला कोरडवाहू आणि बागायती यांतला फरकच कळत नाही? तसे मुळीच नाही. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा १९६१ चा आहे, १९७५ मध्ये त्याच्या मर्यादा आणखी खाली आणल्या. त्यात बारमाही बागायतीला मर्यादा १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर. म्हणजे जमीन काढून घेण्याची वेळ आली तेव्हा सरकारने स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवले की तीन एकर कोरडवाहू म्हणजे एक एकर बागायत. हे गणित विधिमंडळात मंजूर झालेले आहे, आम्ही रचलेले नाही. मग तेच गणित इथे लावा ना! बागायतीला दोन हेक्टर, तर कोरडवाहूला सहा हेक्टर, पंधरा एकर. हिसकावताना तीनास एक मोजायचे आणि भत्ता देताना एकास एक, ही दोन मापे ठेवणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते कापूस विकणाऱ्याला सांगायला नको.

शेजारच्या कर्नाटकाने २०२१ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 'रयत विद्यानिधी' सुरू केली. रक्कम मोठी नव्हती, अभ्यासक्रमाप्रमाणे अडीच हजारांपासून अकरा हजारांपर्यंत, मुलींना थोडी जास्त. पण दारावरची पाटी शेतकऱ्याच्या नावाची होती.

आणि उशिराचे काय? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. करार निघण्याआधी झाला. बाबासाहेबांनी आधी पदरचे भरून पावत्या बडोद्याला पाठवायच्या असत्या, तर ते न्यूयॉर्कला पोचले असते का? शंभर वर्षांमागे संस्थानिकाला जे जमले ते संगणक, आधार आणि महाडीबीटी असलेल्या सरकारला जमत नाही. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो, त्रुटी काढून परत येतो, मुदत संपते, आणि दोष पोराच्या माथी. २०१५ साली लातूर जिल्ह्यातल्या एका शिकणाऱ्या मुलीने एसटीच्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला. काही शे रुपयांचा प्रश्न होता. ते पैसे त्या आठवड्यात हवे होते.

"कर्ज काढा" हा सल्लाही ऐकू येतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही. तरी शाखेत गेल्यावर सातबारा मागतात आणि बापाच्या थकीत पीककर्जाकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी आली, ती देशातल्या वेचक ८६० संस्थांपुरती. आपल्या तालुक्याचे कॉलेज त्या यादीत शोधून पाहा.

तेव्हा जिल्हा मेळाव्यात ठराव मांडायचा आहे. कोरडवाहूसाठी अल्पभूधारकाची मर्यादा कमाल धारणा कायद्याच्याच प्रमाणात पंधरा एकर करावी. सरकारचा हिस्सा मंजूर होईपर्यंत त्या हिश्शासाठी एकाही मुलाची अडवणूक करू नये, आणि बापाच्या वाट्याची फी दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर हप्त्याने घ्यावी. मुलींची माफ झालेली फी आगाऊ मागू नये, असे शासनाने कॉलेजांना बजावलेले आहे. तरी जिथे मागितली जाते तिथे कार्यकर्त्यांनी प्राचार्यांना भेटून लेखी नकार मागावा. लेखी म्हटले की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो.

मेळाव्याला येताना चालू सातबारा आणि आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, कॅपचे वाटपपत्र आणि भरलेल्या फीच्या पावत्या यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही ते आधीच तपासून घ्यावे, मंजूर रक्कम तिथेच अडकते. बारावीचे पोरगे-पोरगी सोबत आणावे. दुपारी तालुकावार टेबले मांडली जातील, तिथे अर्ज भरून दिले जातील. ज्यांना फीची पावतीच दिलेली नाही त्यांनी कॉलेजचे नाव, तारीख आणि रक्कम कागदावर लिहून, खाली सही करून आणावी.