दोष संचालकांचा, दंड ठेवीदारांना

नाशिकच्या इंडिपेंडन्स सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने १० फेब्रुवारी २०२१ रोजी निर्बंध लादले. पूर्वपरवानगीवाचून नवे कर्ज देऊ नये, नवी ठेव स्वीकारू नये आणि ठेवीदारांना एक रुपयाही काढू देऊ नये, असा तो आदेश होता. वर्ष पुरे होण्याच्या आतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बँकेचा परवानाही रद्द झाला.

हा अधिकार रिझर्व्ह बँकेला १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातील ३५-अ या कलमाने दिला आहे. सहकारी बँकांना हा कायदा १९६६ पासून लागू आहे. अधिकाराच्या आवश्यकतेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. डबघाईला आलेल्या बँकेची दारे उघडी राहिली, तर आतली बातमी आधी कळलेले बडे लोक पैसे काढून मोकळे होतील आणि रांगेच्या टोकाला उभा असलेला निवृत्त शिक्षक रिकाम्या हाताने परतेल. सर्वांना एकाच वेळी थांबविण्यात न्यायच आहे.

प्रश्न आहे तो वेळेचा. कर्ज देताना तारण न पाहण्याचा दोष संचालकांचा; अडकतो मात्र ठेवीदाराचा औषधपाण्याचा पैसा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये सहा महिन्यांसाठी प्रारंभी अवघे १००० रुपये काढण्याची मुभा मिळाली होती. त्या आक्रोशानंतर, २०२० मध्ये, ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. हा दिलासा मोठा खरा. पण तो आजारावरचा नव्हे, आजारानंतरचा उपचार आहे.

भांडवल घटताच किंवा थकीत कर्जे वाढताच हस्तक्षेप करण्याची नवी चौकट नागरी सहकारी बँकांसाठी १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. तथापि सर्वांत लहान, पहिल्या स्तरातील बँका तिच्याबाहेर आहेत. त्यांच्यावर अधिक देखरेख ठेवण्याचे आश्वासन असले, तरी सामान्य नोकरदाराचा पैसा अशा बँकांतही असतो. त्यांच्या प्रकृतीची वार्ता ठेवीदाराला दारावरच्या सूचनेतून कळावी, हे योग्य नव्हे. निर्बंधाचा पहिला फटका संचालकांच्या अधिकारांवर बसेल, तेव्हाच हा कायदा ठेवीदारांना आपला वाटेल.