पाळणे आणि सांभाळणे

"आधी माणसांचे बघा, मग कुत्र्यांचे." धर्मग्रामाच्या सभेत हे वाक्य कुणी उच्चारले की विषय संपला, असे मानण्याची आपल्यात रूढीच पडून गेली आहे. वाक्य दिसायला निर्दोष आहे. त्याच्या पाठीशी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण उभी आहे, असाही बोलणाऱ्याचा समज असतो आणि तो अगदीच निराधार नाही. माणसाच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळू नये, माणसाच्या वाट्याची माया प्राण्याला देऊ नये, असे धर्मशिकवणीच्या ग्रंथातील २४१८ वा परिच्छेद सांगतो. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे त्याच परिच्छेदाचे पहिले म्हणणे आहे. त्याच्या दोन परिच्छेद आधी, म्हणजे २४१६ मध्ये, प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना दयेने वागविणे हे माणसावरचे देणे आहे असे स्पष्ट म्हटले आहे आणि आसिसीकार संत फ्रान्सिस व संत फिलिप नेरी यांची आठवणही करून दिली आहे. ज्यांना उत्तरार्ध तोंडपाठ आहे, त्यांना पूर्वार्ध नेमका का आठवत नसावा?

तीस वर्षांच्या धर्मसेवेत एक गोष्ट मी पाहत आलो आहे. "आधी माणसांचे बघा" असे तावातावाने म्हणणारे गृहस्थ सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या बैठकीला सहसा नसतात. जे तिथे नेमाने येतात, वाडीवस्तीतल्या आजारी म्हातारीला डबा पोहोचवतात, त्यांच्याच पायरीवर दुपारी गावातला एखादा लुळा कुत्राही पडलेला दिसतो. दया ही मोजून आणलेली साखर असावी आणि एका वाटीत घातली की दुसऱ्या वाटीत कमी पडावी, असा हिशेब मांडणाऱ्यांनी तो प्रत्यक्ष जगण्यात तपासून पाहावा.

आणि ही कुत्री तरी कुणाची? उपेक्षित कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा, कुणाचाच नसलेला जीव उभा राहतो. सोडवून आणलेल्या कुत्र्यांत एक मोठा वाटा त्यांचा नसतो. तो आपल्या घरांतून आलेल्यांचा असतो. मुलाच्या वाढदिवसाला किंवा नाताळला भेट म्हणून आणलेले पिल्लू सहा महिन्यांत मोठे होते, चपला फाडते, मग त्याची रवानगी मागीलदारी होते. वडिलोपार्जित घर विकासकाला दिले जाते. करारात पार्किंग असते, देव्हाऱ्याची जागाही असते, पण अंगणातला कुत्रा कुठल्याच कलमात नसतो. मुलगा कॅनडाला जातो, सून आखातात जाते, बंगल्याला कुलूप लागते आणि राखणीसाठी म्हणून कुत्रा तिथेच राहतो. हस्की नावाचा बर्फाळ प्रदेशातला कुत्रा मे महिन्यात किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली धापा टाकीत ठेवायचा आणि त्याला हौस म्हणायचे, याला काय म्हणावे?

आमच्या धर्मग्रामातल्या एका वाडीत असाच एक बंद बंगला होता. मालक परदेशी. आठवड्यातून दोनदा एक माणूस येऊन भात आणि पाणी ठेवून जाई. साखळी चार फुटांची. पिल्लू असताना बांधलेला पट्टा कुणी कधी सैल केला नव्हता. कुत्रा वाढला, पट्टा वाढला नाही आणि तो मानेच्या मांसात रुतून बसला. तरुणसंघाच्या मुलांनी रीतसर पोलिसांत तक्रार नोंदविली, पंचनामा झाला, मग डॉक्टरांनी गुंगीचे औषध देऊन तो पट्टा कापून काढला. अंगावर गोचिडी इतक्या की मूळ रंग समजत नव्हता, आणि गोचिडीतून येणारा ताप अंगात भिनलेला. पहिले काही दिवस त्याला पोटभर खायला घालण्यास डॉक्टरांनी सक्त मनाई केली. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपेट अन्न दिले तर तेच त्याच्या जिवावर बेतू शकते. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, असे भरवावे लागते.

एका रिक्षाचालक कुटुंबाने त्याला 'कायमचे घर मिळेपर्यंत' म्हणून ठेवून घेतले. त्या घरच्या बाईंना कुत्र्यांची आवड नव्हती, आजही फारशी नाही. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. साखळी काढून टाकली होती, अंगण मोकळे होते, तरी पहिले पंधरा-वीस दिवस तो कुत्रा चार फुटांच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकीत नसे. ताटली पाच फुटांवर ठेवली की तिच्याकडे पाहत उभा राही. रोज त्या ताटली वीतभर पुढे सरकवीत. तीन महिन्यांनी तो दुसऱ्या गावी एका शिक्षकांच्या घरी कायमचा गेला.

बंगल्याच्या मालकांचा मला परदेशातून दूरध्वनी आला होता. "फादर, आमचा कुत्रा आमच्या परवानगीशिवाय नेलाच कसा?" या प्रश्नातील 'आमचा' हा शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. ज्यांना त्या शब्दाचा कायदेशीर अर्थ हवा असेल त्यांनी प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा उघडावा. त्याच्या ११ व्या कलमानुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे हे सारे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात त्या कुत्र्याचे एक वेळचे औषधही येत नाही. कायदा इतका स्वस्त झाल्यावर सदसद्विवेकाने अधिक महाग व्हायला हवे होते. आपल्यापैकी कितीजणांनी पापनिवेदनात या गोष्टीचा उच्चार केला असेल?

आता पोपमहोदयांच्या नावाने दिला जाणारा दाखला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जानेवारी २०२२ रोजीच्या सार्वजनिक भेटीत, मुले नको म्हणून कुत्री-मांजरे पाळणाऱ्या दांपत्यांना खडे बोल सुनावले होते. ते वाक्य जगभर गाजले आणि आपल्याकडेही मोबाईलवरून घरोघरी पोहोचले. "पाहा, पोपच कुत्र्यांच्या विरोधात आहेत!" त्या दिवशीचा विषय काय होता, हे मात्र कुणी पाठविले नाही. विषय होता संत जोसेफ, येशूचा पालक पिता! अनाथ बालकांना दत्तक घेण्यास घाबरू नका, असे आवाहन त्यांनी त्या प्रबोधनात केले आणि दत्तकविधानाची प्रक्रिया सुलभ व्हावी अशीही अपेक्षा व्यक्त केली. मूल हे मूल आहे आणि कुत्रा हा कुत्रा आहे. कुत्र्याला झबले घालून त्याचा वाढदिवस साजरा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु ज्यांनी त्या भाषणातून कुत्र्यांविषयीचे एक वाक्य उचलले आणि दत्तकाविषयीचे सारे गाळले, त्यांनी मुलेही दत्तक घेतली नाहीत आणि कुत्रेही, ही गोष्ट नजरेआड कशी करावी? त्याच पोपमहोदयांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, इतर जीवांविषयीची क्रूरता आणि बेपर्वाई शेवटी माणसांशी वागण्यातही उतरते असे बजावले आहे. तेही मोबाईलवरून पाठवायला हरकत नव्हती.

संत जोसेफ यांचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. तुलना करण्याचे धाडस मी करीत नाही. पण पालकत्व आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅथलिक माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. 'फॉस्टर' या इंग्रजी शब्दाने हल्ली जे काम ओळखले जाते ते हेच. एखादा जखमी, भ्यालेला कुत्रा काही आठवडे, काही महिने आपल्या घरी ठेवायचा. घरात दुसरा कुत्रा असेल तर निदान दहा-चौदा दिवस याला वेगळे ठेवायचे. जंतांचे औषध, लसी, निर्बीजीकरण उरकायचे. तो मुलांना भितो की त्यांच्यावर धावून जातो, मांजर चालते का, झाडू उचललेला पाहून अंग चोरतो का, हे सारे पाहून ठेवायचे. पिंजऱ्यांनी भरलेल्या आश्रमात हे समजत नाही. तिथे भ्यालेला कुत्रा चावरा वाटतो आणि खचलेला कुत्रा शांत वाटतो. या कामातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घरची रीत समजायला, तीन महिने घर आपले वाटायला. आणि मग, त्याला माझे घर आपले वाटू लागले असतानाच, योग्य माणूस मिळाला की त्याच्या हाती दोरी द्यायची. मालकीच्या भावनेने कुत्रा पाळणाऱ्याला हे जमणार नाही.

"गेल्यावर आम्हांला फार वाईट वाटेल हो, फादर," असे कारण सांगून नकार देणाऱ्या भगिनी मला अनेकदा भेटतात. वाईट वाटतेच. आपल्याला वाईट वाटू नये एवढ्यासाठी त्याने साखळीला बांधलेले राहावे, असाच या सबबीचा अर्थ होतो, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

श्वानप्रेमी मंडळींनाही दोन शब्द ऐकवणे आवश्यक आहे. रात्री स्कूटरवरून येऊन दुसऱ्याच्या आळीत बिस्किटे टाकून जाणे म्हणजे दया नव्हे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यामुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. ज्या आईच्या लेकराला कुत्रा चावला आहे तिच्यापुढे प्राणिमात्रांवरील प्रेमाचे प्रवचन झोडणे हाही एक निर्दयपणाच. खायला घालणाराने लस आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारीही उचलावी. ते जमत नसेल तर बिस्किटाचा पुडा खाली ठेवावा. शिवाय रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा घरात आणण्याजोगा नसतो. आपल्या आळीत रुळलेल्या, लस टोचलेल्या मोठ्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कोंडणे ही त्याची सुटका होत नाही.

हा प्रश्न आता आपल्या फाटकापर्यंत येऊन ठेपला आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, आणि ज्यांना दत्तक घ्यायची असतील त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही हमी त्यांची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात न्यावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत असे सांगण्यात आले. शाळा आणि रुग्णालये म्हणजे काय? ती तर आपलीच संस्थाने! मिशनच्या शाळेच्या फाटकाशी वर्षानुवर्षे बसणारी, मुलांच्या डब्यातली पोळी खाऊन वाढलेली कुत्री या आदेशाच्या कक्षेत येतात. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्या कुत्र्यांना गाडीत भरून दूरच्या निवाऱ्यात पाठवून हात झटकायचे, की ज्यांच्या वाड्या अजून शिल्लक आहेत त्यांनी त्यातला एकेक घरी न्यायचा? पन्नास शाळकरी मुले ज्याला नावाने हाक मारतात त्याचा स्वभाव नव्याने पारखावा लागत नाही.

'हरित वसई'च्या लढ्यात विहिरी, बावखले आणि झाडे यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेली पिढी आपल्यात आहे. निसर्ग ही देवाची देणगी आहे, हे तिला पटवावे लागत नाही. ज्यांना शास्त्राधारच हवा असेल त्यांनी टोबीतचे पुस्तक काढावे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या मूळ शास्त्रसंग्रहात ते नाही, आपल्या आहे. तरुण टोबिया देवदूत राफाएलसह प्रवासाला निघतो तेव्हा त्यांच्यामागून कुत्रा निघतो, आणि परततानाही तो बरोबर असतो. कथेत त्याला काहीही काम नाही. त्याचा उल्लेख गाळायला पवित्र लेखकाला मात्र जड गेलेले दिसते.

राहता राहिली जातिवंत पिल्लाची हौस. २०१७ च्या नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. विकत घेताना यातले काय विचारले, आणि त्या पिल्लाची आई कशा स्थितीत आहे हे कितीजणांनी पाहिले, याची उत्तरे घेणाऱ्यांनीच द्यावीत. उलट दत्तक देणारे कार्यकर्ते घर पाहायला आले, फाटक बंद होते का हे त्यांनी तपासले, तर आपल्या माणसांना अपमान वाटतो. "आम्ही काय कसाई आहोत?" असे एका प्रतिष्ठित गृहस्थांनी माझ्यासमोर त्या मुलीला विचारले. तिने शांतपणे बंद बंगल्यातल्या कुत्र्याच्या मानेचे छायाचित्र त्यांच्या हाती दिले आणि तोही प्रतिष्ठित घरातलाच होता असे सांगितले. त्यांनी अर्ज भरला.

पिल्लांना घरे मिळतात. आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याला कुणी नेत नाही; तोंड पांढरे झालेले, दात झिजलेले, उरलेली दोन-चार वर्षे कोपऱ्यात निजून काढणार असलेले हे जीव आश्रमात शेवटपर्यंत पडून राहतात. इकडे आपल्या धर्मग्रामांत, मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या घरात दोघेच उरलेली कितीतरी वृद्ध दांपत्ये आहेत. धावपळीचे पिल्लू त्यांना झेपणार नाही, पण सकाळी ख्रिस्तमंदिरापर्यंत सावकाश चालणारा म्हातारा कुत्रा झेपेल. मिस्सा संपेपर्यंत तो माझ्या कार्यालयाच्या पडवीत बसला तर माझी काही हरकत नाही. पाण्याचे भांडे तिथे ठेवलेले आहे.