दहा बाय दहातले वसंतराव

अमरावतीत माझी खोली दहा बाय दहा, बजेट दहा हजार. अकोल्याच्या दुकानात मोठ्या वूफरचा धमाका ऐकून मी जवळजवळ फसलोच होतो! पण छोट्या खोलीत भिंतीच बास फुगवतात. दहा फुटांत साधारण ५६ हर्ट्झला नुसतं घुमतं. म्हणून चार इंची वूफरची, अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेली जोडी घेतली. भिंतीपासून फूटभर पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि मी असा समभुज त्रिकोण. टेस्टला वसंतराव देशपांडे, १९२० साली वाटेवरच्या मूर्तिजापुरातच जन्मलेले. तानेतला सूर न् सूर सुटा ऐकू आला. प्रॉब्लेम फक्त मे महिन्यात: एकतर कूलर बंद करा, नाहीतर वसंतराव. मी घाम निवडला!